विश्लेषण : बेघरांचा निवारा वस्तीतच का हवा? शेजाऱ्यांच्या विरोधात तथ्य किती?

महापालिकेच्या रिकाम्या शाळेत किंवा समाजमंदिरात बेघरांसाठी निवारा सुरू होणार, अशी कुणकुण लागली की शेजारच्या सोसायट्यांत सह्यांची मोहीम सुरू होते. व्हॉट्सॲप ग्रुपवर सुरक्षेचा प्रश्न निघतो, लोकप्रतिनिधींना निवेदन जाते आणि ‘निवारा दुसरीकडे हलवा’ अशी मागणी होते. पण निवाऱ्याची जागा कशी ठरते? तो दूर नेला तर काय होते? आणि शेजाऱ्यांच्या कोणत्या तक्रारी खऱ्या असतात?

निवाऱ्याचा नियम कुठून आला?

डिसेंबर २००९ मध्ये, ऐन थंडीत, दिल्ली महापालिकेने पूसा रोडवरचा तात्पुरता निवारा पाडला. हे प्रकरण न्यायालयात गेले. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा उभारण्यास सांगितले. तो वर्षभर आणि २४ तास खुला असावा, असेही स्पष्ट केले. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठी निवाऱ्यांची योजना आली. तिच्या मार्गदर्शक सूचनांनुसार एका निवाऱ्यात ५० ते १०० जणांची सोय आणि प्रत्येकाला किमान ५० चौरस फूट जागा अपेक्षित होती.

मुंबईचा हिशेब काय?

२०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती. म्हणजे नियमाप्रमाणे सुमारे १२४ निवारे हवेत. प्रत्येकात १०० जण धरले तरी सोय होते १२,४०० जणांची. त्याच जनगणनेत मुंबईत ५७ हजारांहून अधिक बेघरांची नोंद आहे. नियम शंभर टक्के पाळला, तरी चारपैकी एकालाही जागा मिळत नाही. त्यामुळे विरोधामुळे रद्द होणारा एकेक निवारा महाग पडतो.

तो शहराबाहेर का नेत नाहीत?

बेघर जिथे राहतात आणि काम करतात, त्याच्या शक्य तितक्या जवळ निवारा असावा, असे या मार्गदर्शक सूचनांत म्हटले होते. कारण साधे आहे. बेघरांमध्ये मजूर नाक्यावर उभे राहणारे कामगार, हमाल, कचरावेचक, लग्नाच्या हंगामात जेवण वाढणारी मुले, घरातून बाहेर पडावे लागलेल्या महिला आणि वृद्ध असतात. नाक्यावर सकाळी उशीर झाला की दिवसाची मजुरी बुडते. दहा किलोमीटरवरच्या निवाऱ्यात मोफत खाट मिळाली, तरी बसभाडे आणि बुडालेला रोज परवडत नाही. मग निवारा ओस पडतो आणि पदपथ भरलेलाच राहतो. निवाऱ्यामुळे वस्तीत बेघर येतात, असा समज असतो. प्रत्यक्षात ते आधीपासून तिथेच असतात, म्हणून निवारा तिथे काढला जातो.

करी रोडच्या वादातून काय दिसले?

सरकारी योजनेतला निवारा नसला, तरी शेजाराचा हाच पेच मुंबईने २०२१ मध्ये पाहिला. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात देशभरातून कर्करुग्ण येतात. उपचार अनेक महिने चालतात. खोलीचे भाडे परवडत नसल्याने कित्येक कुटुंबे जवळच्या पदपथांवर दिवस काढतात. त्यांच्यासाठी म्हाडाने करी रोडच्या दोन इमारतींमधील १०० सदनिका रुग्णालयाला देण्याचे ठरवले. मे २०२१ मध्ये चाव्याही सुपूर्द झाल्या. स्थानिक रहिवाशांनी आक्षेप घेतला, आमदारांनी तो मुख्यमंत्र्यांकडे नेला आणि जूनमध्ये निर्णयाला स्थगिती मिळाली. त्यानंतर लगेच बॉम्बे डाइंग मिलच्या जागेवरील १०० सदनिकांचा पर्याय जाहीर झाला. रहिवाशांच्या आक्षेपांचा विचार चाव्या दिल्यानंतर झाला. तोच आधी झाला असता, तर रुग्णांच्या नातेवाइकांना ताटकळावे लागले नसते.

शेजाऱ्यांच्या तक्रारी निराधार असतात का?

सगळ्याच नाहीत. मात्र बहुतेकांचे मूळ कारभारात असते. निवारा फक्त रात्री उघडा ठेवला, तर सकाळी सगळे बाहेर पडतात. आजारी आणि वृद्ध माणसे दिवसभर बाजूच्या दुकानाच्या पायरीवर बसतात. स्वच्छतागृहे अपुरी असली की गल्लीत घाण होते. सामान ठेवायला कुलूपबंद जागा नसली की गाठोडी कुंपणाला टांगली जातात. रात्री काळजीवाहक जागेवर नसला, तर दारू पिऊन येणाऱ्याला आवरणार कोण? या गोष्टी शेजाऱ्यांना जितक्या त्रासाच्या, तितक्याच आत राहणाऱ्यांनाही. निवारा २४ तास खुला ठेवण्याचा आदेश पाळला, तरी यातल्या पहिल्या तक्रारीचे कारण बरेचसे संपते.

बेघर म्हणजे भिकारी?

ही गल्लत अनेक भांडणांच्या मुळाशी असते. राज्यात १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा आहे. ‘पोलिसांना सांगून उचलायला लावा’ ही सूचना त्यातूनच येते. हाच कायदा दिल्लीतही लागू होता. तिथल्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये भीक मागणे गुन्हा ठरवणारी कलमे दिल्लीपुरती रद्द केली. निवाऱ्यात राहणारे अनेक जण तर रोज कामावर जातात. आधार, रेशन, बँक खाते अशा सुविधांशी त्यांना जोडून देणे हाही निवारा योजनेचा भाग होता.

रहिवाशांनी काय मागावे?

- निवारा सुरू होण्याआधी वॉर्ड कार्यालयाने रहिवासी आणि चालवणाऱ्या संस्थेची बैठक घ्यावी.
- निवाऱ्याच्या दारावर संस्थेचे नाव, क्षमता आणि २४ तास उचलला जाणारा फोन क्रमांक लिहावा.
- संस्था आणि महापालिका यांच्यातील कराराची प्रत पाहायला मिळावी. ती माहिती अधिकारातही मागता येते.
- स्वच्छतागृहे, सामानाची जागा आणि रात्रीचा काळजीवाहक यांची नियमित तपासणी व्हावी.
- महिला आणि कुटुंबांसाठी स्वतंत्र व्यवस्था असावी.
- शेजारी, निवाऱ्यात राहणारे आणि संस्था यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे.

निवारा हलवा, या मागणीने यातला एकही प्रश्न सुटत नाही. पावसाळ्यात पुलाखाली प्लास्टिक बांधून झोपणारे कुटुंब त्याच पुलाखाली राहते आणि सोसायटीची तक्रारही तशीच राहते. निवारा नीट चालवा, ही मागणी मात्र दोघांच्याही उपयोगाची आहे. तीसाठी सह्या गोळा करायला हरकत नाही.