रीमा लागू यांचा अभिनयप्रवास : रंगभूमी, चित्रपट व दूरचित्रवाणी यांतील मातृप्रतिमेच्या संदर्भात

प्रस्तावना

हिंदी चित्रपटाच्या इतिहासात ‘आई’ या व्यक्तिरेखेला जे मध्यवर्ती स्थान लाभले, ते घडविण्यात मराठी अभिनेत्रींचा वाटा फार मोठा आहे. दुर्गा खोटे, लीला चिटणीस, ललिता पवार, सुलोचना या अभिनेत्रींनी वेगवेगळ्या काळात पडद्यावरील मातृत्वाला रूप दिले. रीमा लागू हे या परंपरेतील १९९० च्या दशकातील ठळक नाव होय. मात्र त्यांचा विचार केवळ ‘पडद्यावरील आई’ एवढ्यापुरता केला, तर त्यांच्या अभिनयाचा मोठा भाग दृष्टीआड होतो. ज्या अभिनेत्रीने रंगभूमीवर अत्यंत प्रखर स्त्रीभूमिका साकारल्या, तिला चित्रपटाने तिशीच्या उंबरठ्यावरच आईच्या भूमिकेत का बसविले आणि त्या चौकटीत राहून तिने काय साधले, या दोन प्रश्नांच्या अनुषंगाने त्यांच्या कारकिर्दीचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जडणघडण

रीमा लागू यांचा जन्म २१ जून १९५८ रोजी झाला. त्यांचे माहेरचे नाव नयन भडभडे. त्यांच्या मातुःश्री मंदाकिनी भडभडे या मराठी रंगभूमीवरील अभिनेत्री होत्या. वसंत कानेटकर यांच्या ‘लेकुरे उदंड जाली’ या नाटकातील भूमिकेसाठी त्या विशेष ओळखल्या जात. घरातच नाटक असल्यामुळे अभिनयाचे संस्कार नयन यांच्यावर बालपणीच झाले आणि ‘बेबी नयन’ या नावाने काही चित्रपटांत त्यांनी बालभूमिकाही केल्या. त्यांचे शालेय शिक्षण पुण्याच्या हुजूरपागा शाळेत झाले. स्त्रीशिक्षणाची दीर्घ परंपरा असलेल्या या शाळेतच त्यांच्या अभिनयगुणांना वाव मिळाला. पुढे अभिनेते विवेक लागू यांच्याशी विवाह झाल्यानंतर त्या ‘रीमा लागू’ या नावाने रसिकांसमोर आल्या.

त्यांच्या जीवनक्रमातील एका बाबीची दखल घेणे येथे अगत्याचे ठरते. कारकिर्दीच्या आरंभीची सुमारे दहा वर्षे त्या युनियन बँक ऑफ इंडियामध्ये नोकरीस होत्या. दिवसा कचेरी आणि रात्री नाटकाचा प्रयोग हा त्या काळातील अनेक मराठी नटनट्यांचा दिनक्रम होता. राष्ट्रीयीकृत बँकांतील सांस्कृतिक स्पर्धांमुळे कलावंत कर्मचाऱ्यांना प्रोत्साहन मिळे आणि नोकरीच्या शाश्वतीमुळे भूमिका निवडण्याचे काहीसे स्वातंत्र्यही मिळे. मराठी मध्यमवर्गीय रंगभूमीच्या वाढीमागे असलेले हे आर्थिक वास्तव रीमा लागू यांच्या चरित्रात स्पष्टपणे दिसून येते.

रंगभूमीवरील कार्य

रीमा लागू यांच्या अभिनयाचा पाया रंगभूमीवर घातला गेला. जयवंत दळवी लिखित व विजया मेहता दिग्दर्शित ‘पुरुष’ या नाटकातील अंबिकेची भूमिका या दृष्टीने महत्त्वाची आहे. सत्ताधारी राजकारण्याच्या अत्याचाराला बळी पडलेली ही शिक्षिका असहाय होऊन मिटून न जाता अखेर प्रतिकाराचा मार्ग स्वीकारते. नाना पाटेकर यांनी रंगविलेल्या गुलाबरावाच्या उग्र व्यक्तिरेखेसमोर अंबिकेचा संयम आणि त्याखाली धुमसणारा संताप उभा करणे हे अभिनेत्रीपुढील मोठे आव्हान होते. गुलाबराव जितका मोठ्याने बोलतो, तितकी अंबिका आत आत साठवीत जाते. नाटकाचा शेवट प्रेक्षकाला पटायचा, तर हे साठणे आधीपासून दिसणे आवश्यक होते. रीमा लागू यांच्या भूमिकेचे यश त्यात होते.

शेखर ताम्हाणे यांच्या ‘सविता दामोदर परांजपे’ या नाटकात त्यांना याहून वेगळी परीक्षा द्यावी लागली. एका विवाहितेच्या देहात दुसऱ्याच स्त्रीचे अस्तित्व प्रकट होते, हे या नाटकाचे सूत्र. एकाच देहातून दोन स्त्रिया दाखविताना आवाजाची पट्टी, नजर आणि चाल यांत क्षणार्धात बदल घडविणे भाग होते, आणि तोही चित्रीकरणाप्रमाणे पुन्हा करून पाहण्याची सवलत नसताना. या दोन्ही भूमिका लक्षात घेतल्यास क्रोध, भय व गूढता या भावांवर रीमा लागू यांचे किती प्रभुत्व होते, हे ध्यानात येते. चित्रपटाने मात्र त्यांच्याकडून प्रामुख्याने वात्सल्याचीच मागणी केली.

समांतर चित्रपट ते व्यावसायिक चित्रपट

चित्रपटातील त्यांची सुरुवात मात्र निराळी होती. अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवर आधारित, विजय तेंडुलकर यांची पटकथा असलेल्या आणि जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘सिंहासन’ (१९७९) या चित्रपटात त्यांनी भूमिका केली. त्यानंतर गोविंद निहलानी यांचा ‘आक्रोश’ (१९८०) आणि श्याम बेनेगल यांचा ‘कलयुग’ (१९८१) या समांतर धारेतील चित्रपटांतही त्या दिसल्या. पुढे अरुणा राजे यांच्या ‘रिहाई’ या चित्रपटात, पुरुषमंडळी रोजगारासाठी शहरात गेल्यावर गावात मागे राहिलेल्या स्त्रियांपैकी एकीची भूमिका त्यांनी केली. अशा स्त्रियांच्या देहमनाच्या गरजांविषयी उघडपणे बोलणारा हा चित्रपट होता.

१९८८ साली प्रदर्शित झालेल्या ‘कयामत से कयामत तक’ या चित्रपटाने त्यांच्या कारकिर्दीची दिशा बदलली. या चित्रपटात त्यांनी जुही चावला यांच्या आईची भूमिका केली, तेव्हा त्यांचे वय तीस वर्षेही पूर्ण झालेले नव्हते. १९८९ च्या अखेरीस प्रदर्शित झालेल्या सूरज बडजात्या यांच्या ‘मैंने प्यार किया’ या चित्रपटात त्या सलमान खान यांच्या आई झाल्या. पडद्यावरील आई ३१ वर्षांची आणि मुलगा २४ वर्षांचा असा हा हिशेब होता. ‘साजन’ (१९९१), ‘हम आपके हैं कौन’ (१९९४), ‘कुछ कुछ होता है’ (१९९८), ‘हम साथ साथ हैं’ (१९९९), ‘कल हो ना हो’ (२००३) असा हा क्रम पुढे चालू राहिला. ‘वास्तव’ (१९९९) मध्ये ज्यांच्या आईची भूमिका त्यांनी केली, ते संजय दत्त त्यांच्यापेक्षा जेमतेम एका वर्षाने लहान होते.

येथे व्यावसायिक चित्रपटसृष्टीतील एक विषमता उघड होते. पुरुष नट चाळिशी-पन्नाशीतही नायक म्हणून स्वीकारला जातो. अभिनेत्रीने मात्र एकदा आईची भूमिका केली की तिचे प्रत्यक्ष वय विचारातच घेतले जात नाही. नायिका आणि आई या दोन टोकांच्या मधल्या वयाच्या स्त्रीसाठी, म्हणजे तिशी-चाळिशीतील, स्वतःचे काम, इच्छा व संघर्ष असलेल्या स्त्रीसाठी, त्या काळच्या पटकथांत फारशी जागाच नव्हती. ‘पुरुष’मधील अंबिका रंगभूमीवर याच वयोगटातील स्त्रीचे प्रतिनिधित्व करते. तिच्यासारखी भूमिका हिंदी व्यावसायिक चित्रपटात रीमा लागू यांच्या वाट्याला आली नाही.

मातृप्रतिमेतील परिवर्तन

चौकट संकुचित असली तरी रीमा लागू यांनी त्या चौकटीत घडविलेला बदल महत्त्वाचा आहे. पूर्वीच्या हिंदी चित्रपटांतील आई बहुधा विधवा, दरिद्री, कष्टाने मुले वाढविणारी आणि अश्रू ढाळणारी असे. १९९० च्या दशकातील कौटुंबिक चित्रपटांतील आई ही सुखवस्तू घरातील, नीटनेटकी, हसतमुख आणि मुलांशी मोकळेपणाने बोलणारी होती. उदारीकरणानंतरच्या मध्यमवर्गाच्या आकांक्षांशी ही प्रतिमा सुसंगत होती. ‘मैंने प्यार किया’मधील कौसल्या पतीच्या दबावाखाली न राहता मुलाच्या प्रेमाची बाजू घेते. अशा प्रसंगी रीमा लागू यांनी आवाज न चढविता, साध्या बोलण्याच्या लयीत संवाद म्हटले. त्यामुळे आदर्श आईची ही व्यक्तिरेखा कृत्रिम न वाटता शेजारच्या घरातील वाटू लागली.

‘हम साथ साथ हैं’मधील ममता याच आदर्शाला छेद देते. थोरल्या सावत्र मुलाच्या हाती कारभार जाण्यास विरोध करणारी ही आई रामायणातील कैकेयीची आठवण करून देते. वात्सल्य आणि स्वार्थ एकाच मनात नांदू शकतात, हे दाखविण्याची संधी या भूमिकेने त्यांना दिली.

तथापि त्यांच्या चित्रपटकारकिर्दीचा कळस म्हणजे महेश मांजरेकर दिग्दर्शित ‘वास्तव’ होय. मुंबईच्या चाळीतील एका मराठी कुटुंबातला मुलगा गुन्हेगारीच्या गर्तेत सापडतो आणि अखेर त्याची आईच त्याला गोळी घालते. या प्रसंगाची तुलना ‘मदर इंडिया’शी (१९५७) होणे स्वाभाविक आहे. त्या चित्रपटात नर्गिस यांनी साकारलेली राधा आपल्या मुलाला ठार करते. ‘वास्तव’मध्ये गोळी झेलणारा नट नर्गिस यांचाच पुत्र असावा, हा एक विलक्षण योगायोग म्हणावा लागेल. दोन्ही प्रसंगांतील भेद मात्र मूलगामी आहे. राधा गावाच्या अब्रूसाठी, म्हणजे एका सामाजिक मूल्यासाठी मुलाचा बळी देते. ‘वास्तव’मधील आईपुढे असे कोणतेही उदात्त मूल्य नाही. भीतीने खचलेला मुलगाच तिच्याकडे सुटका मागतो आणि ती त्याला ती देते. चार दशकांत हिंदी चित्रपटातील आई राष्ट्राच्या प्रतीकापासून चाळीतील एका हतबल स्त्रीपर्यंत कशी आली, हे या दोन प्रसंगांवरून स्पष्ट होते. रीमा लागू यांनी या प्रसंगात आक्रोश टाळला आहे. त्यामागे ‘पुरुष’मधील अंबिकेचा संयम आहे, असे म्हणण्यास आधार आहे.

‘मैंने प्यार किया’, ‘आशिकी’, ‘हम आपके हैं कौन’ आणि ‘वास्तव’ या चित्रपटांसाठी सहायक अभिनेत्री म्हणून त्यांना फिल्मफेअरचे नामांकन चार वेळा मिळाले, पण पुरस्कार एकदाही मिळाला नाही.

दूरचित्रवाणीवरील कामगिरी

रीमा लागू यांच्यातील विनोदी अभिनेत्रीला खरा वाव दूरचित्रवाणीने दिला. दूरदर्शनवरील ‘खानदान’ (१९८५) या मालिकेपासून या माध्यमातील त्यांचा प्रवास सुरू झाला. १९९४ साली सुरू झालेल्या ‘श्रीमान श्रीमती’ या मालिकेत जतीन कनाकिया, राकेश बेदी आणि अर्चना पूरणसिंग यांच्यासमवेत त्यांनी कोकिळा कुलकर्णी ही भूमिका केली. परस्परांच्या पत्नींवर भाळलेल्या दोन शेजाऱ्यांच्या या गोंधळात कोकिळा ही समंजस गृहिणी होती. इतरांचे अतिरंजित वागणे हास्यास्पद ठरावे यासाठी कोणीतरी स्थिर राहणे आवश्यक असते, आणि ते अवघड काम त्यांनी केले.

सचिन पिळगावकर दिग्दर्शित ‘तू तू मैं मैं’मध्ये सुप्रिया पिळगावकर यांच्या सासूची भूमिका त्यांनी रंगविली. सासू-सुनेचे भांडण येथे दोन तुल्यबळ बुद्धिमान स्त्रियांचा खेळ होता. दोघींपैकी कोणीही खलनायिका नव्हती. २००० सालापासून दैनंदिन मालिकांनी सासू-सुनेच्या नात्याला कटकारस्थानाचे जे गडद रूप दिले, त्याच्याशी तुलना करता या मालिकेचे वेगळेपण अधिक जाणवते. पुढे झी मराठीवरील ‘तुझं माझं जमेना’ (२०१३) या मालिकेतही त्यांनी सासूची भूमिका केली.

उत्तरकाळ

‘आई शप्पथ’ (२००६), ‘अनुमती’ (२०१३), ‘जाऊं द्या ना बाळासाहेब’ (२०१६) अशा मराठी चित्रपटांतून त्या अखेरपर्यंत कार्यरत राहिल्या. ‘नामकरण’ (२०१६) या हिंदी मालिकेत त्यांनी दयावंती मेहता ही कठोर, सत्ताकांक्षी आजी साकारली. वात्सल्याच्या प्रतिमेला पूर्णपणे छेद देणारी ही भूमिका त्यांना वयाच्या ५८ व्या वर्षी मिळाली. या मालिकेचे चित्रीकरण त्या आदल्या दिवसापर्यंत करीत होत्या. १८ मे २०१७ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कन्या मृण्मयी लागू या ‘थप्पड’ (२०२०) या हिंदी चित्रपटाच्या सहलेखिका आहेत. पतीच्या एका थपडेमुळे आपल्या संसाराचाच पुनर्विचार करणारी स्त्री त्या चित्रपटाच्या केंद्रस्थानी आहे. आजी, आई व कन्या या तीन पिढ्यांत मिळून रंगभूमीपासून पटकथालेखनापर्यंतचा एक प्रवास पूर्ण होतो. आईच्या पिढीतील अभिनेत्रीला ज्या प्रकारची स्त्रीभूमिका हिंदी पडद्यावर क्वचितच मिळाली, तशी भूमिका लिहिण्यात कन्येचा सहभाग असावा, ही बाब अर्थपूर्ण आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. रीमा लागू यांनी हिंदी चित्रपटातील आईला अश्रूंच्या साच्यातून बाहेर काढून तिला प्रसन्न व स्वाभाविक रूप दिले. हे रूप साकारण्यासाठी लागणारा संयम व उच्चारावरील ताबा त्यांनी मराठी रंगभूमीवर कमावला होता. विनोद आणि कठोरता या त्यांच्या अन्य पैलूंना चित्रपटापेक्षा दूरचित्रवाणीने अधिक न्याय दिला. मात्र त्यांच्या लोकप्रियतेची किंमतही त्यांना मोजावी लागली. तिशीतील एका समर्थ अभिनेत्रीला आईच्या भूमिकेत बंदिस्त करून चित्रपटसृष्टीने तिच्या सामर्थ्याचा एक अंशच वापरला. म्हणूनच त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना ‘वास्तव’मधील आईइतकेच ‘पुरुष’मधील अंबिकेचेही स्मरण ठेवणे आवश्यक आहे.