आभासी वाद्ये आणि गांधाराचे लेखन

संगणकावर संगीतरचना करू लागलेल्या विद्यार्थ्याची पहिली समजूत अशी असते की, कळपट्टीवर बोट ठेवताच नाद तारेतून संगणकात शिरतो. वस्तुतः तारेतून नाद मुळीच जात नाही. जातात ते केवळ संकेत : कोणती कळ, किती जोराने, केव्हा दाबली व केव्हा सोडली. १९८३ साली प्रचारात आलेल्या या संकेतपद्धतीस मिडी म्हणतात. तीत स्वरांना ० ते १२७ असे क्रमांक असून पियानोवरील मध्य 'सी' ६० वा होय. नाद निर्माण होतो तो वर्कस्टेशनमध्ये बसविलेल्या आभासी वाद्यात. म्हणजे मिडी ही लिपी आहे, उच्चार नव्हे; म्हणूनच एकच लेख सतारीकडून व बासरीकडूनही वाचून घेता येतो.

परंतु प्रत्येक लिपी काही भेद गाळूनच लिहिते. 'चहा' व 'चाक' यांतील दोन निरनिराळे 'च' देवनागरी एकाच अक्षराने दाखविते; मराठी वाचक तो भेद आपणहून भरून काढतो. संगणकास ते ज्ञान नाही. मिडीचे क्रमांक सामान्यतः सप्तकाचे बारा समान भाग गृहीत धरतात. त्यामुळे शुद्ध गांधार षड्जापासून ४०० सेंटवर पडतो. तंबोऱ्याशी जुळणारा ५ : ४ या प्रमाणातील गांधार मात्र ३८६ सेंटवर आहे. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियम वर्ज्य केले, त्यामागील आक्षेपांत हाही एक होता.

हार्मोनियमला नसलेला एक उपाय येथे आहे. पिच बेंड या संकेताच्या १६,३८४ पायऱ्या असून मध्य ८१९२ हा धरतात. स्वर दोन्ही बाजूंस दोन अर्धस्वरांपर्यंत सरकविण्याची मर्यादा बहुधा आधीच ठरविलेली असते. त्या हिशेबाने गांधार १४ सेंट उतरविण्यास ५७३ पायऱ्या खाली यावे लागते. आता मींड लांब हवी म्हणून कोणी वाद्यातील मर्यादा बारा अर्धस्वरांची केली आणि पूर्वीचे आकडे तसेच ठेवले, तर त्याच ५७३ पायऱ्या ८४ सेंट उतरवितात. गांधार ३१६ वर, म्हणजे थेट कोमल गांधारावर, जातो. लेखात एक अक्षरही न बदलता यमनाचा यमन उरत नाही! यास्तव नव्या विद्यार्थ्याने प्रथम ही मर्यादा पाहावी, सुरेल नादांच्या संग्रहाकडे मागाहून वळावे.

हा संकेत एका वाहिनीवरील सर्वच स्वरांना हलवितो. तंबोरा त्याच वाहिनीवर असल्यास तोही डळमळतो. म्हणून त्यास स्वतंत्र वाहिनी द्यावी; अशा वाहिन्या सोळा असतात. प्रत्येक स्वरास वेगळी वाहिनी देणारी एमपीई ही विस्तारित पद्धत २०१८ साली मान्य झाली, पण ती समजणारे वाद्य व कळपट्टी दोन्ही लागतात.

कळ दाबल्यावर नाद उशिरा आला, तर बफर लहान करावा. सेकंदास ४४,१०० नमुने असता २५६ नमुन्यांचा बफर सुमारे ६ मिलिसेकंद घेतो. तो फार लहान केल्यास आवाज तुटतो.