वनरोपणाचे पुण्य आणि भूमिहीनांचे गायरान

कोणाचे पुण्य दिवसरात्र वाढत राहते, असा प्रश्न संयुत्तनिकायातील वनरोप सुत्तात एक देवता तथागतांना विचारते. तथागतांनी उत्तरादाखल जी माणसे सांगितली, त्यांत वने व उद्याने लावणारे, पूल बांधणारे, पाणपोया व विहिरी करणारे आणि निवारा देणारे येतात. वृक्ष, पाणी आणि निवारा यांचा उल्लेख येथे एकाच श्वासात आला आहे, हे ध्यानात ठेवावे. विनयात वनस्पतींचा नाश करणे हा भिक्खूंसाठी पाचित्तिय दोष आहे. आळवी येथील भिक्खूंनी झाडे तोडली, त्यावर लोक नाराज झाले, हे त्या नियमाचे निमित्त. वर्षावासाच्या नियमामागेही पावसाळ्यात हिंडणाऱ्या भिक्खूंकडून हिरवे गवत व जीवजंतू तुडविले जातात, ही लोकांची तक्रारच होती.

राज्यसत्तेच्या हाती हे तत्त्व गेले म्हणजे काय होते, ते अशोकाच्या लेखांत दिसते. वने विनाकारण अथवा प्राणिहत्येसाठी जाळू नयेत, अशी आज्ञा पाचव्या स्तंभलेखात आहे. मार्गांवर वड लावल्याचा व आमराया केल्याचा उल्लेख सातव्यात आहे. परंतु तेराव्या शिलालेखात हाच सम्राट अटवीवासी लोकांना आपल्या सामर्थ्याची जाणीवही करून देतो. वनाचे रक्षण आणि वनात राहणाऱ्या माणसांवर वचक, या दोन गोष्टी तेव्हापासून जवळजवळ चालत आल्या आहेत.

ब्रिटिशांनी 1878 व 1927 च्या कायद्यांनी जंगल ही सरकारची मालमत्ता ठरविली. स्वतंत्र भारताच्या 1952 च्या वननीतीने एक तृतीयांश भूभागावर वन असावे, असे उद्दिष्ट मांडले. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 48अ आले. 1980 च्या कायद्याने वनजमीन अन्य कामासाठी वापरण्यास केंद्राची पूर्वसंमती आवश्यक केली, तर 12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातील अर्थाने जे वन आहे त्याला हा कायदा लागू आहे, असे सांगितले.

आता उदगीरकडे वळू. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील सदाहरित अरण्य आणि बालाघाटाच्या रांगांतील आपला हा पर्जन्यछायेचा प्रदेश यांत फार अंतर आहे. राज्यात सुमारे साडेसोळा टक्के भूभागावर वनाच्छादन आहे. लातूर जिल्ह्यात ते एक टक्काही नाही. एप्रिल 2016 मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याचा सारा दोष वृक्षतोडीवर टाकणे सोपे आहे; उसाच्या मळ्यांनी व विंधनविहिरींनी उपसलेल्या पाण्याचा हिशेब मात्र कोणी सहसा मांडत नाही.

वन नाही म्हणून झाडे लावावयाची, तर जमीन कोठली? 1 जुलै 2016 पासून 2019 पर्यंत राज्य शासनाने 50 कोटी वृक्षलागवडीची मोहीम चालविली. अशा वेळी मोकळी दिसणारी जमीन म्हणजे गायरान. देवणी जनावरे ज्या कुरणांवर पोसली गेली, तीच भूमिहीनांची एकमेव आशाही आहेत. सरकारी पडीक जमिनीवर अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहती व्हाव्यात, अशी मागणी बाबासाहेबांनी 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये केली होती. 1953 साली मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. डिसेंबर 1964 मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली देशभर लोक तुरुंगात गेले. पुढे नोव्हेंबर 1991 च्या शासननिर्णयाने 14 एप्रिल 1990 पूर्वीची मागासवर्गीय भूमिहीनांची गायरानावरील वहिवाट नियमित करण्याचे धोरण ठरले. त्याची अंमलबजावणी सर्वत्र सारखी झाली नाही.

28 जानेवारी 2011 रोजी जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. हा निकाल आपल्या वस्त्यांपुढे वारंवार वाचून दाखविला जातो. पण त्यातच भूमिहीन मजुरांना तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शासकीय अधिसूचनेने दिलेल्या जमिनींबाबत अपवाद मान्य केला आहे, ते वाक्य वाचणारा क्वचितच भेटतो.

गायरान महसूल खात्याचे. वनजमिनीचा प्रश्न निराळा. नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरकडे सागाचे जंगल आहे, आणि तेथे 2006 चा वनहक्क कायदा लागू होतो. आदिवासींनी 13 डिसेंबर 2005 पूर्वीची वहिवाट दाखवावी लागते. बौद्ध कुटुंबे मात्र ‘इतर पारंपरिक वननिवासी’ या वर्गात येतात व त्यांना त्या तारखेपूर्वी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षे, तेथील वास्तव्य सिद्ध करावे लागते. म्हणजे 1930 पर्यंत मागे जावयाचे. त्या वेळी येथे निजामाचे राज्य होते, महसुली दप्तर उर्दूत होते. किनवट 1956 पर्यंत आदिलाबादमध्ये आणि उदगीर बीदर जिल्ह्यात होते. आज ते जिल्हे अनुक्रमे तेलंगणा व कर्नाटकात आहेत. ज्या समाजाच्या नावे सातबाराच नव्हता, त्याने कागद आणावा कोठून?

कायद्याचे शब्द नीट पाहिले तर वाट अगदीच बंद नाही. 75 वर्षांची अट वास्तव्याची व वनावरील उपजीविकेची आहे, त्याच तुकड्याच्या वहिवाटीची नव्हे. 2008 च्या नियमांनुसार वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब तसेच घरे, विहिरी, दफनभूमी यांच्या खुणा हेही पुरावे ठरतात. किमान दोन प्रकारचे पुरावे द्यावयाचे असतात आणि दाव्याची पहिली छाननी ग्रामसभेच्या वनहक्क समितीने करावयाची असते. ज्या वृद्ध उपासक-उपासिकांना जुनी वस्ती, विहीर व पायवाट आठवते, त्यांचे जबाब त्यांच्या हयातीतच लिहून घ्यावे लागतील. हे काम गावोगावच्या विहारांत बसूनही होऊ शकते.