मोटार अडते तेव्हा

बंगळूरच्या पूर्वेस असलेले व्हाइटफील्ड ही १८८२ साली अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी वसविलेली शेतीप्रधान वसाहत होती. आज तेथे संगणकाच्या कचेऱ्यांचे जंगल उभे आहे. रस्ते मात्र त्या मानाने रुंदावलेले नाहीत. होप फार्मच्या चौकात वाहने मुंगीच्या पावलांनी सरकतात, आणि या गर्दीत पुण्यामुंबईहून आलेल्या एखाद्या कुटुंबाची जुनी प्रीमियर पद्मिनी असली, तर ती नेमकी तेथेच अडून बसते. माझी बसली, म्हणूनच हा विषय.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही मोटार तयार होई. मूळची ती इटालीची फियाट ११००. १९७४ पासून पद्मिनी. मुंबईच्या रस्त्यावरून तिची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. तिच्या यंत्रात संगणक नाही, त्यामुळे दोष डोळ्यांनी पाहता येतो. परंतु तो केव्हा पाहावा, हे कळले पाहिजे.

माझी गाडी भर दुपारी बंद पडली. मिस्त्री यायला पाऊण तास लागला. त्याने कॉइल बदलली, गाडी सुरू झाली, त्याने पैसे घेतले. दुसऱ्या दिवशी त्याच चौकात, त्याच वेळी ती पुन्हा बंद! कॉइल निर्दोष होती. पाऊण तासात इंजिन निवले होते, आणि गाडी सुरू झाली ती निवल्यामुळे.

झाले होते असे. पद्मिनीचा पेट्रोलपंप इंजिनालाच जोडलेला असतो. इंजिन अतिशय तापले म्हणजे नळीतील पेट्रोलची वाफ होते, आणि द्रव खेचण्यासाठी केलेला पंप त्या बुडबुड्यांपुढे हतबल होतो. गाडी वेगात असताना समोरचा वारा ही उष्णता वाहून नेतो. गाडी रेंगाळली की वारा नाही, आणि पट्ट्यावर फिरणारा पंखाही इंजिनाबरोबर मंदावलेला. शिवाय बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच. तेथे पाणीसुद्धा शंभराऐवजी सुमारे ९७ अंशांवर उकळते, तसेच पेट्रोलही लवकर वाफाळते.

येथे एक फसवणूक आहे. जुनी कॉइल किंवा कंडेन्सरही तापल्यावर रुसतो आणि निवल्यावर ताळ्यावर येतो. म्हणजे लक्षण एकच, रोग दोन. म्हणून तपासणी गाडी अडलेली असतानाच व्हावयास हवी. प्लगची तार काढून तिचे टोक कोरड्या फडक्याने इंजिनाच्या धातूपासून अर्धा सेंटिमीटरवर धरावे, आणि दुसऱ्या कुणाला सेल्फ मारावयास सांगावे. (आधी पेट्रोलचा वास येत नाही ना, हे पाहावे, ठिणगीचा खेळ आहे.) निळी, कडक ठिणगी पडली तर वीज ठीक आहे, पेट्रोलकडे वळा. पिवळट, दुबळी पडली किंवा पडलीच नाही, तर डिस्ट्रिब्यूटरचे झाकण उघडून पॉइंट पाहा; बहुतेक वेळा ते जळून काळवंडलेले असतात.

ठिणगी चांगली असेल आणि इंजिन तापलेले असेल, तर बॉनेट उघडून पंपावर ओले फडके ठेवावे आणि स्वस्थ बसावे. रेडिएटरचे झाकण मात्र या वेळी मुळीच उघडू नये. आत दाबाखाली असलेले पाणी झाकण सुटताच उसळते आणि हात-तोंड भाजते.

दुसरी तक्रार गाडी धुरकटते, पेट्रोल जास्त पिते ही. समुद्रकाठी जुळवून घेतलेला कार्ब्युरेटर या पठारावर आला की हवा आठ-नऊ टक्क्यांनी विरळ मिळते आणि मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते. प्लग काढून पाहावा. कोरडी काळी काजळी दिसली तर जेट व मिश्रणाचा स्क्रू जुळवून घ्यावा. इंजिन उघडण्याचा सल्ला देणाऱ्यास तूर्त चहा पाजून परत पाठवावे.

आता पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल येते. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या व पंपातील पडदा त्याने फुगतात, मऊ पडतात. गाडीत पेट्रोलचा वास येऊ लागला, तर ती चालवू नये. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या बसवून घ्याव्या. ब्रेकचे पेडल दाबताना खाली जात असेल, तर तेथेही रस्त्यावर प्रयोग नको. गाडी ओढूनच न्यावी.

माझ्या गाडीत शेवटी सापडले ते इतकेच: मागे कधीतरी झालेल्या दुरुस्तीत पेट्रोलची नळी वाकवून धूर बाहेर नेणाऱ्या तापत्या नळकांड्याला जवळजवळ टेकवली होती. ती चार बोटे दूर बांधली, मध्ये पत्र्याचा तुकडा बसविला. खर्च कॉइलच्या एक दशांशही आला नाही. त्यानंतर होप फार्मच्या चौकात ती थांबते, ती सिग्नलपुरतीच.