पाटी उचलणाऱ्या बायकांची चित्रकर्ती

फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यातल्या वसमतच्या शिवारात हळद काढणीची धांदल उडते. जमिनीतून वर आलेले कंद वेचायचे, माती झटकायची, पाट्या भरून डोईवर घ्यायच्या, हे सगळं बहुतेक बायकांच्याच हातून होतं. हळद देशभर जाते, पण ती वेचणारी बाई बांधावरच राहते. जवळच्याच औंढ्याच्या नागनाथ मंदिरावर दगडात घडवलेल्या सुंदर स्त्रिया आहेत. पण राबणाऱ्या बाईला कलेत अशी मानाची जागा फार उशिरा मिळाली. ती मिळवून देणाऱ्यांत चित्रकार बी. प्रभा यांचं नाव ठळक आहे.

प्रभा यांचा जन्म 1933 साली नागपूरजवळच्या बेला गावी झाला. नागपूरच्या कलाशाळेत सुरुवातीचं शिक्षण घेऊन त्या मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आल्या. 1950 च्या दशकाच्या मध्यात त्यांनी चित्रकला आणि भित्तिचित्रणाची पदविका घेतली. त्याआधी मराठी मुलखात चित्रकार बायका नव्हत्या असं नाही. अंबिका धुरंधर, अँजेला त्रिंदाद यांनी वाट पाडली होती. पण या दोघींच्या घरी नामवंत चित्रकार वडील होते. प्रभा यांच्या पाठीशी असं घराणं नव्हतं. खेड्यातली मुलगी मुंबईत येऊन ब्रशच्या बळावर उभी राहते, हे त्या काळात सोपं नव्हतं.

शिल्पकार बी. विठ्ठल यांच्याशी 1956 मध्ये त्यांचं लग्न झालं आणि दोघांनी मिळून प्रदर्शनं भरवली. विद्यार्थिदशेतल्याच एका प्रदर्शनात त्यांची तीन चित्रं अणुशास्त्रज्ञ होमी भाभांनी विकत घेतली. भाभांची नजर चोखंदळ होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा चित्रसंग्रह त्यांच्याच आवडीतून उभा राहिला. एअर इंडियाने चित्रं जमवायला सुरुवात केली, तेव्हाच्या पहिल्या खरेदीत प्रभा यांची सहा चित्रं होती. एका चित्राची किंमत होती साडेसत्याऐंशी रुपये. 1958 मध्ये मुंबई राज्य कला प्रदर्शनात त्यांना पहिलं पारितोषिक मिळालं.

सुरुवातीला त्यांनी अमूर्त, आधुनिक वळणाची चित्रं काढली. पुढे त्या मानवाकृतीकडे वळल्या आणि त्यांची ओळख ठरली ती स्त्री कॅनव्हासवर आली: उंच, सडपातळ, लांब मानेची, लांब हातांची, डोळे खाली झुकलेले. कधी ती टोपली घेतलेली कोळीण असते, कधी खेड्यातली कष्टकरी. बहुतेकदा तैलरंगातल्या या चित्रांत एकच रंग सगळीकडे पसरलेला असतो आणि आकृती त्यातूनच वर येते. पार्श्वभूमीवर गर्दी नसते, म्हणून पाहणाऱ्याची नजर त्या बाईवरच ठरते. घाईत असलेली, पाटीखाली वाकलेली बाई इथे निवांत बसते किंवा उभी राहते. तिला सजवलेलं नाही, तिची कीवही केलेली नाही.

अमृता शेरगिल यांच्या चित्रांचा प्रभा यांच्यावर प्रभाव होता. बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या, पॅरिसमध्ये शिकलेल्या शेरगिल 1930 च्या दशकात भारतातल्या खेड्याकडे आल्या, अजिंठ्याच्या चित्रांनी भारावल्या. प्रभा यांचा प्रवास उलटा. त्या खेड्यातूनच शहरात आल्या होत्या.

दुष्काळ, भूक, बेघर माणसं हेही त्यांचे विषय होते. मराठवाड्याला हे समजावून सांगावं लागत नाही. 1972 च्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर खडी फोडलेल्या बायका आज आज्या-पणज्या आहेत. त्यांचे फोटो क्वचितच निघाले, चित्रं तर त्याहूनही क्वचित. प्रभा यांच्या चित्रांतल्या थकलेल्या, तरीही न मोडलेल्या स्त्रिया पाहताना त्या आज्या आठवतात.

विठ्ठल 1992 मध्ये गेले. प्रभा चित्रं काढत राहिल्या आणि 2001 मध्ये त्यांचं निधन झालं. पन्नासहून अधिक प्रदर्शनं त्यांच्या नावावर आहेत.

आपल्या भागातल्या कितीतरी मुली दरवर्षी चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसतात आणि स्मरणचित्रात एखादा बाजार, एखादा पाणवठा काढतात. चित्रकलेच्या शिक्षकांनी त्यांना बी. प्रभा यांची चित्रं आवर्जून दाखवावीत. चित्राचा विषय दूर कुठे शोधायला नको. हळदीच्या रानातली आपली आई, मावशी चित्राच्या मधोमध उभी राहू शकते, हे बेल्याच्या या मुलीने आयुष्यभर रंगवून सिद्ध केलं आहे.