माणसाचं मोल कशात? सुरतेनं १८४४ मध्ये दिलेलं उत्तर

मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचं मोठं सामाजिक काम सुरतेत सुरू झालं, हे फारसं सांगितलं जात नाही!

तिथे शिक्षक असताना त्यांनी दुर्गाराम मेहताजी आणि इतर सहकाऱ्यांबरोबर २२ जून १८४४ रोजी 'मानवधर्म सभा' स्थापली. विचार थेट होता: ईश्वर एक, मानवजात एक आणि माणसाची योग्यता कुळावरून नव्हे, गुणांवरून. सभेनं जादूटोणा करणाऱ्यांना उघड आव्हान दिलं.

सभा काही वर्षांतच थांबली, विचार मात्र पुढे गेला. १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा आली. १८६७ मध्ये प्रार्थना समाज, ज्याच्या संस्थापकांत दादोबांचे धाकटे बंधू आत्माराम होते.

जगण्याचा अर्थ शोधताय? दादोबांचं आत्मचरित्र जरूर वाचा.