लक्ष कुठे होतं?

हरी नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी गेल्या महिन्यात पहिल्यांदाच पुरती वाचायला घेतली. हातात पेन्सिल होती. लक्ष उडाल्याचं जाणवलं की त्या ओळीशेजारी एक टिंब द्यायचं, एवढंच ठरवलं होतं. पहिल्या तीस पानांत एकोणीस टिंबं पडली.

पण खरं नवल पुढेच होतं. बहुतेक टिंबांच्या आधीचं अर्धंपाऊण पान मी ‘वाचलेलं’ होतं! डोळे ओळीमागून ओळ उतरत होते, बोटांनी पान उलटलंही होतं, आणि मन विजेच्या बिलापाशी. ‘डोळ्यांखालून घालणं’ असं आपण किती सहज म्हणतो. पान खरोखरच नुसतं डोळ्यांखालून जाऊ शकतं. 2010 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी काही विद्यार्थ्यांना जेन ऑस्टिनची ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ वाचायला देऊन त्यांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. मन भरकटलेलं असताना डोळे थांबत नाहीत, पण सोप्या नि अवघड शब्दांतला फरक त्यांना फारसा उरत नाही, असं त्यात दिसलं. एरवी नेहमीच्या शब्दावरून नजर झरकन पुढे जाते आणि अनोळखी शब्दापाशी रेंगाळते. म्हणजे आपण खरंच वाचतोय की नाही, हे डोळे आपल्याआधी सांगत असतात.

मग मी भाचीला समोर बसवलं. पुस्तक जरा खाली धरलं आणि म्हटलं, “माझ्या डोळ्यांकडे बघ.” ती दोन मिनिटांत ओरडली, “मावशी, तुझे डोळे टुणटुण उड्या मारतायत!” मला तर नजर ओळीवरून पाण्यासारखी वाहतेय असंच वाटत होतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसचे नेत्रतज्ज्ञ एमिल जाव्हाल यांच्या प्रयोगशाळेत हेच लक्षात आलं होतं. तिथल्या लामार यांनी पापणीला साधन टेकवून, रबरी नळीतून या उड्या चक्क कानांनी ऐकून मोजल्या. वाचन ऐकणारा माणूस! डोळा साधारण पाव सेकंद थांबतो, मग उडी घेतो. उडी चालू असताना आपल्याला जवळजवळ काहीच दिसत नाही, आणि थांबल्यावरही स्पष्ट दिसतात ती मोजकीच अक्षरं. या तुटक तुकड्यांतून मेंदू कादंबरीतल्या यमूचं अख्खं घर उभं करतो. मला हे अजूनही थक्क करतं.

यमू ही या कादंबरीची नायिका. ती स्वतःची हकिकत स्वतः सांगते, अगदी समोर बसून बोलावं तशी. विसाव्या पानानंतर कधीतरी माझे ओठ हलतायत हे माझ्या ध्यानात आलं. मुक्यानं वाचतानाही जीभ आणि घशाचे स्नायू किंचित हलू शकतात, हे यंत्रांनी मोजलेलं आहे. थेट संवाद वाचताना मेंदूतला आवाज ओळखणारा भाग जास्त जागा होतो, असंही आढळलं आहे. माझ्या मनातली यमू माझ्या आत्याच्या आवाजात बोलत होती, वाक्य संपताना सूर वर नेण्याच्या तिच्या सवयीसकट. आत्याला जाऊन नऊ वर्षं झाली. तिथून पुढे टिंबं विरळ झाली.

आणि एका ठिकाणी तर एकही पडलं नाही. विधवा झालेल्या यमूचं जबरदस्तीनं केशवपन होतं, त्या भागात. तिथे माझी सवय वेगळीच निघाली: मी पळत होते. नजर ओळ पुरी न करता खालच्या परिच्छेदावर जात होती, तिथून पुढच्या पानावर. सगळ्यांत दुःखद पानांवर मी सगळ्यांत कमी वेळ घालवला. याला मी एकाग्रता समजले असते. ती भीती होती.

ही कादंबरी आपट्यांनी 1890 साली सुरू केलेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली होती. त्या वाचकांना असं पळता येत नव्हतं. अंकातला मजकूर संपला की पुढचं पान अजून छापलेलंच नसे. आठवडाभर त्या मुलीला मनात घेऊनच त्यांना स्वयंपाक, कचेरी, देवपूजा करावी लागली असणार. या पुस्तकानं त्या काळी माणसं हलवली, त्यात त्या सक्तीच्या थांबण्याचाही वाटा असावा असं माझं ठाम मत आहे.

म्हणून ती पानं मी पुन्हा वाचली. मोठ्यानं, बोट ओळीवर ठेवून. प्रकरण संपलं तिथे खूण घातली आणि पुस्तक सात दिवस उघडलं नाही.

तुमच्या कपाटातही अशी राहून गेलेली एखादी कादंबरी असेल. ती काढा, पेन्सिल घ्या, आणि पहिली दहा पानं वाचताना घरातलं एखादं पोर समोर बसवा.